सात की साठ?

माझ्या घरातील कार्यालयाच्या भिंतीवर दोन लहान स्पीकर बसवलेले आहेत. प्रत्येकाचे वजन जेमतेम दोन किलो, आकार एखाद्या जाडजूड शब्दकोशाएवढा. भेटायला येणारे त्यांच्याकडे पाहून हमखास म्हणतात, "साहेबांना गाण्याची आवड दिसते." आवड आहे, नाही असे नाही. परंतु हे स्पीकर मी गाण्यासाठी घेतलेले नाहीत. ते घेण्यामागे एक चूक आहे, आणि ती माझी आहे. ती सांगितल्याशिवाय स्पीकरच्या निवडीची हकीकत अपुरी राहील.

२०२० सालच्या जुलै महिन्यातील ही गोष्ट. एकीकडे कोरोनाची साथ होती आणि दुसरीकडे उत्तर बिहारमध्ये पूर आला होता. नेपाळातून उतरणाऱ्या नद्यांना पूर येणे ही तिकडची दरवर्षीची बाब. पण त्या वर्षी अधिकाऱ्यांना जागेवर धावून जाणेही अवघड झाले होते. आमच्या कार्यालयातील काही सहकारी आजारी पडल्यामुळे मी पाटण्यातील निवासस्थानी एका खोलीत बसून काम पाहत होतो. अधिकाऱ्याच्या बंगल्यात कार्यालय असणे यात नवे काहीच नाही. इंग्रजी अमदानीपासून ती रीतच आहे. फरक एवढाच की पूर्वी त्या कार्यालयात माणसे समोर येऊन उभी राहत, आणि आता ती लॅपटॉपच्या पडद्यावरील छोट्या चौकोनांत दिसू लागली होती.

एका जिल्ह्याचा प्रभारी सचिव या नात्याने शेजारच्या जिल्ह्यांतून नावा मिळवून देण्याचे काम माझ्याकडे होते. दुपारच्या बैठकीत एका अंचलाधिकाऱ्याने (आपल्याकडील तहसीलदाराच्या जागी तिकडे अंचलाधिकारी असतो) पाण्याने वेढलेल्या गावांची माहिती दिली आणि नावांची मागणी केली. मी म्हणालो, "ठीक है, सात नाव शाम तक पहुँच जाएगी." क्षणभर थांबून तो म्हणाला, "जी सर." बैठक पुढे सरकली.

त्याने साठ नावा मागितल्या होत्या. मी सात ऐकल्या आणि सात पाठवल्या. रात्री उशिरा त्याचे लेखी मागणीपत्र माझ्या हाती आले. त्यात आकड्यात आणि अक्षरात ६० असे स्वच्छ लिहिले होते. उरलेल्या नावा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचल्या. दैवकृपेने कोणाच्या जिवावर बेतले नाही. पण ज्यांना त्या संध्याकाळी तटबंधावरून शाळेच्या इमारतीत हलवता आले असते, अशा अनेक कुटुंबांनी ती रात्र पावसात, प्लास्टिकच्या कापडाखाली, गुरावासरांसह तटबंधावर काढली. लहान मुले होती, म्हातारी माणसे होती.

दुसऱ्या दिवशी मी त्या अधिकाऱ्याला विचारले, "मी चुकीचा आकडा बोललो तेव्हा तुम्ही लगेच का सांगितले नाही?" तो संकोचून म्हणाला, "सर, आपने सात बोला तो हमको लगा कि अभी सात ही मिल पाएगा." मी ऐकण्यात चूक केली होती आणि त्याने ती माझा निर्णय म्हणून स्वीकारली होती. वरिष्ठाच्या चुकीचा कसा आदेश होऊन जातो, हे इतक्या स्पष्टपणे मला आधी कधी दिसले नव्हते.

पूर ओसरल्यावर मी कानांची तपासणी करून घेतली. पन्नाशी उलटलेल्या माणसाने ही तपासणी करावी असे डॉक्टर सांगतात आणि आपण ती टाळतो, कारण चष्मा लागल्याचे कोणी लपवत नाही, पण कमी ऐकू येते हे कबूल करणे अधिकाऱ्याला कमीपणाचे वाटते. तपासणीच्या आलेखात खालच्या स्वरांचे ऐकणे ठीक होते. ४००० हर्ट्झच्या आसपास मात्र रेषा खाली घसरली होती. वयानुसार बहुतेकांच्या बाबतीत हेच होते. त्याचा परिणाम विचित्र असतो. बोलण्याचा आवाज पुरेसा मोठा ऐकू येतो, कारण स्वरांची शक्ती खालच्या टापूत असते. शब्द मात्र निसटतात, कारण त आणि ठ, प आणि फ, क आणि ख यांतील भेद ज्यावरून कळतो ती माहिती बरीचशी २००० ते ४००० हर्ट्झच्या टापूत असते, आणि स, श यांची सळसळ त्याहूनही वर. सात, साठ आणि आठ हे तीन शब्द घ्या. तिन्हींत "आ" तोच. भेद केवळ पहिल्या किंवा शेवटच्या व्यंजनाचा. म्हणजे ऐकण्याची सगळी मदार नेमक्या त्याच भागावर, जो माझ्या कानात क्षीण झालेला आणि लॅपटॉपच्या आवाजात विस्कटलेला.

महाराष्ट्राबाहेर हिंदी मुलखात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला आकड्यांचा त्रास आणखी एका अंगाने होतो. उनचास, उनसठ, उनहत्तर, उन्यासी हे शब्द आपण शिकतो खरे, पण कानांना ते आपल्या एकोणपन्नास-एकोणसाठसारखे जन्मापासून ओळखीचे नसतात. नवासी म्हणजे ८९ हे मला आजही क्षणभर थांबून आठवावे लागते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" म्हणण्याची पद्धत सुचवली गेली तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले, ते अनेकांना स्मरत असेल. मीही त्या वेळी नाक मुरडले होते. पुढच्याच वर्षी मला समजले की आकडा स्पष्ट ऐकू जाणे हा प्रश्न केवळ दुसरीच्या मुलांचा नाही.

डॉक्टरांनी सांगितले, श्रवणयंत्राची अजून गरज नाही, पण ऐकण्याची जागा आणि साधने सुधारा. तिथून माझ्या शोधाला सुरुवात झाली.

पहिला उपाय कोणालाही सुचेल तो मलाही सुचला: मोठा आवाज. लॅपटॉपला बाजारातील एक पेटी जोडली आणि आवाज वाढवला. कर्कशपणा वाढला, स्पष्टता वाढली नाही. कारण शोधता शोधता ध्यानात आले की दोष खोलीचा आहे. जुनी सरकारी खोली, १४ फूट बाय १६ फूट, छत १३ फुटांवर, चुन्याचा गिलावा, खाली गुळगुळीत फरशी. टाळी वाजवली की तिचा नाद रेंगाळत राही. भिंतीवरून परतणारा आवाज पुढच्या अक्षरावर सांडत होता. "सा" घुमत असतानाच त्याच्या शेपटीत "ठ" बुडून जात होता. अशा खोलीत आवाज वाढवला की घुमणेही तेवढ्याच प्रमाणात वाढते. पदरात काही पडत नाही.

या विषयाचे शास्त्र ज्याने घातले त्याची कथा मला फार आवडली. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कला संग्रहालयात नवे व्याख्यान सभागृह झाले. पण त्यात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही, त्यामुळे व्याख्यान कोणालाच कळेना. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकावर दुरुस्तीचे काम सोपवले गेले. तो रात्रीच्या शांततेत जवळच्या सँडर्स थिएटरमधील खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणी, सभागृहात पसरी, ऑर्गनची एक नळी वाजवी आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजी. गाद्या वाढवाव्या तसा घुमण्याचा काळ घटे. त्यातून निघालेला नियम सोपा आहे: खोलीचे घनफळ जितके जास्त तितके घुमणे जास्त, आणि आवाज शोषणारे सामान जितके जास्त तितके घुमणे कमी. व्याख्यात्याला अधिक ओरडून बोलायला सांगणे हा उपाय सॅबाइनने सुचवला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडे एखादी योजना लोकांपर्यंत पोहोचत नसेल तर आपण जाहिरातीचा खर्च वाढवतो. सभागृहात गाद्या पसरण्याचे काम क्वचितच कोणी करतो.

सॅबाइनच्या सूत्रात माझ्या खोलीचे आकडे घातले तर रिकाम्या स्थितीत घुमण्याचा काळ दोन सेकंदांच्या वर जात होता. म्हणून आधी खोली, मग स्पीकर असे ठरवले. फरशीवर जाड दरी आली, दोन खिडक्यांना भरगच्च पडदे लागले, आणि माझ्या पाठीमागच्या भिंतीशी पुस्तकांची मोठी कपाटे उभी राहिली. घरातील मंडळींना वाटले साहेब संसाराकडे वळले. एवढ्यानेच निम्मा फरक पडला. वाचकांपैकी कोणी घरात असे कार्यालय थाटत असेल तर माझी शिफारस हीच, की पैसे खर्च करायचे तर पहिले दरीवर करावेत.

आता स्पीकरकडे येतो. पुष्कळांनी सांगितले, कानात हेडफोन घाला, प्रश्न मिटला. एकट्यासाठी तो उपाय चांगला आहे. पण पाटण्यातील ऑगस्टच्या उकाड्यात पाच-सहा तास कान झाकून बसणे हा छळ असतो, हा एक भाग. महत्त्वाचा भाग असा की माझ्यासोबत खोलीत टिपणे घेणारा सहकारी बसतो. त्या जुलैमध्ये त्यालाही लॅपटॉपचा आवाज नीट ऐकू आला नव्हता. त्याने साठ ऐकले असते तर त्याने मला चिठ्ठी सरकवली असती. हेडफोनने मी दुसरे दोन कान स्वतःहून बंद केले असते. म्हणून आवाज खोलीत हवा होता, आणि दोघांनाही स्पष्ट हवा होता.

टेबलावर जागा नव्हती. तिथे फायलींचे राज्य. शिवाय टेबलावर ठेवलेल्या स्पीकरचा आवाज टेबलाच्या पृष्ठावर आपटून कानाकडे येतो आणि मूळ आवाजात मिसळतो. म्हणून पडद्याच्या दोन बाजूंना, भिंतीवर, माझ्यापासून साधारण दीड मीटरवर दोन लहान स्पीकर बसवायचे ठरले. जवळ असणे येथे फार मोलाचे. स्पीकर जितका जवळ तितका थेट आवाजाचा वाटा जास्त आणि भिंतींवरून फिरून येणाऱ्याचा कमी.

बाजारात गेलो तेव्हा पहिला सामना वॅटशी झाला. आमच्या तरुणपणी टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवर "१००० वॅट पी.एम.पी.ओ." असे ठळक छापलेले असे. तो आकडा एका क्षणार्धाच्या कल्पित शिखराचा; प्रत्यक्षात ते यंत्र सतत देत असलेली शक्ती दहा वॅटही नसे. खरी मोजणी आर.एम.एस. नावाने खाली बारीक अक्षरांत, किंवा नसेच. सेवेत तीस वर्षे अहवाल वाचल्यावर मला तो आकडा ओळखीचा वाटला. आमचे कित्येक प्रगती अहवाल पी.एम.पी.ओ. मध्ये लिहिलेले असतात.

वॅटपेक्षा कामाचा आकडा वेगळाच आहे. त्याला संवेदनशीलता म्हणतात: स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो. लहान स्पीकरमध्ये हा आकडा बहुधा ८३ ते ८८ च्या दरम्यान असतो. तीन डेसिबलचा फरक दिसायला किरकोळ, पण त्याचा अर्थ निम्म्या शक्तीत तेवढाच आवाज. आणि एकूण कार्यक्षमता पाहाल तर थक्क व्हाल. ८६ डेसिबलचा स्पीकर दिलेल्या विजेपैकी जेमतेम पाव टक्का आवाजात बदलतो. बाकी साडेनव्याण्णव टक्क्यांहून अधिक शक्ती तारेच्या वेटोळ्यात उष्णता होऊन जाते. १९८५ साली राजीव गांधींनी रुपयातील केवळ पंधरा पैसे गरिबापर्यंत पोहोचतात असे सांगितले तेव्हा देश हळहळला होता. स्पीकरच्या जगात पंधरा पैसे म्हणजे चमत्कार ठरेल.

या आकड्यातही एक मेख आहे, ती निविदा तपासण्याच्या सवयीमुळे माझ्या नजरेस आली. काही उत्पादक एक वॅटऐवजी २.८३ व्होल्टला मोजमाप देतात. स्पीकर ८ ओहमचा असेल तर दोन्ही एकच. पण ४ ओहमच्या स्पीकरला तेवढ्याच व्होल्टला दोन वॅट जातात, आणि आकडा तीन डेसिबलने फुगतो. तुलना करायची तर दोन्ही आकडे एकाच पायावर आणून करावी. निविदेत कर धरून आणि कर वगळून दिलेले दर शेजारी मांडत नाहीत, तसेच.

मग प्रश्न आला, लहान आणि कार्यक्षम स्पीकर अधिक का मिळत नाहीत? याचे उत्तर हॉफमन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमात आहे. लहान पेटी, खोल खर्ज आणि उच्च कार्यक्षमता या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. कोणत्याही दोन घ्या, तिसरी सोडा. ध्वनिशास्त्राचा हा नियम वाचून मी बराच वेळ विचार करीत बसलो. आपल्या कितीतरी खरेद्या आणि योजना फसतात त्या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर मागितल्यामुळे. मागणाऱ्याने कशाचा त्याग करायचा हे आधी ठरवलेले नसते, म्हणून पुरवणारा त्याच्या सोयीने ठरवतो.

मला काय सोडता येईल? पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास, स्त्रीचा दोनशेच्या आसपास. जुने टेलिफोन तर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच टापूवर चालत, आणि त्यावर देशाचा कारभार झाला. तबल्याचा बायाँ किंवा पखवाजाचा घुमारा ऐकायचा असेल तर खर्ज हवा. अंचलाधिकाऱ्याचे ऐकायचे तर नको. म्हणून मी खर्ज सोडला. तो सोडल्याबरोबर लहान पेटी आणि चांगली कार्यक्षमता दोन्ही हाती आली.

भिंतीवर लावण्यामुळे ही निवड आणखी सोपी झाली. स्पीकर भिंतीला चिकटला की खालचे स्वर भिंतीच्या आधाराने आपोआप फुगतात. त्यामुळे मोकळ्या जागेत भारदस्त वाटणारा स्पीकर भिंतीवर गेल्यावर डब्यात बोलल्यासारखा वाटतो. ज्या पेटीला मागच्या बाजूला हवेचे भोक असते ती तर भिंतीलगत लावूच नये. मी सर्व बाजूंनी बंद पेटी निवडली: चार इंची मुख्य पडदा, वरच्या स्वरांसाठी वेगळा छोटा घुमट, ८७ डेसिबल, ८ ओहम. हिशेब असा: एक वॅटला दीड मीटरवर सुमारे ८३ डेसिबल आवाज येतो, मला हवा ७०. म्हणजे वॅटचा विसावा भाग पुरे. बोलण्यातील चढउतारांसाठी एक-दोन वॅट हाताशी असावेत. त्यामुळे वीस वॅटचा छोटा डिजिटल जातीचा अँप्लिफायर आवश्यकतेपेक्षा मोठाच ठरला. तो इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो, आणि पुराच्या रात्री वीज असेलच असे कोणी सांगावे?

दुकानात परीक्षा कशी घ्यावी, हाही एक धडा झाला. विक्रेता नेहमी ढोलताशांचे किंवा सिनेमातले जोरकस संगीत लावतो, कारण त्यात सारेच स्पीकर छान वाटतात. मी माझ्या मुलीकडून एक ध्वनिमुद्रण करून घेतले होते. तिने साध्या आवाजात, उलटसुलट क्रमाने पन्नास आकडे म्हटले होते: सात, साठ, आठ, पचास, पच्चीस, उनसठ, उनहत्तर, सड़सठ, अड़सठ. मी डोळे मिटून ऐकत होतो आणि कागदावर लिहीत होतो. विक्रेत्याला वाटले, साहेबांचे काहीतरी बिनसले आहे. पण सर्वांत महाग जोडीवर माझ्या चुका अधिक झाल्या आणि मधल्या किमतीच्या जोडीवर सर्वांत कमी, हे मी त्याला दाखवले तेव्हा तोही ऐकायला बसला.

पैसे मी स्वतःचे दिले. शासकीय खरेदीत २०१७ च्या वित्तीय नियमावलीने पंचवीस हजारांपर्यंतची वस्तू दरपत्रकाविना घेण्याची मुभा दिली होती, आणि माझा एकूण खर्च त्याच्या निम्म्याहून कमी होता. तरी वाटले, चूक माझी, कान माझे, मग खर्चही माझाच असावा.

भिंतीला भोके पाडण्यापूर्वी मात्र मी इमारतीच्या देखभालीचे काम पाहणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला रीतसर कळवले. सरकारी घर आहे. विटा आणि चुना-सुरखीची जुनी भिंत असल्याने मिस्त्रीने ड्रिलचा हातोड्यासारखा ठोका बंद ठेवून सावकाश भोके पाडली. त्याने मला एक खूण शिकवली: भोकातून लाल भुकटी आली तर वीट लागली, पांढरी आली तर सांधा, स्क्रू नेहमी विटेत धरतो. बसल्यावर कान जिथे येतात त्याहून थोडे वर स्पीकर लावून ते किंचित खाली झुकवले. मायक्रोफोन माझ्या तोंडाजवळ आणि त्याची पाठ स्पीकरकडे, म्हणजे बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत नाही. तारा जोडताना मी एका स्पीकरचे धन आणि ऋण उलट केले होते. दोन्ही स्पीकर वाजत होते, तरी माणूस कुठून बोलतो ते कळेना. आवाज पोकळ, जणू खोलीच्या बाहेरून येणारा. एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जात होता, आणि दोघे मिळून एकमेकांचे काम खोडत होते. दोन खात्यांच्या अशा जोडण्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. फक्त तिथे तार उलटी आहे हे पाच मिनिटांत सापडत नाही.

पहिल्या संध्याकाळी साताऱ्याहून आईचा फोन आला, तो मी या स्पीकरवर घेतला. ती म्हणाली, "आज तू मला एकदाही 'काय म्हणालीस?' असे विचारले नाहीस." मी आजवर समजत होतो की आईचा आवाज क्षीण झाला आहे.

पण उपकरणांवर सारे सोपवून मोकळे होता येत नाही. त्या "जी सर" वर कोणताही स्पीकर उपाय करू शकत नव्हता. त्यासाठी मी दुसऱ्या दोन खात्यांकडून शिकलो. विमानतळावरील नियंत्रकाने सांगितलेली उंची वैमानिक जशीच्या तशी पुन्हा म्हणून दाखवतो. इंग्रजी नऊ आणि पाच यांची गल्लत होऊ नये म्हणून ते नऊला "नाइनर" म्हणतात. आपल्या रेल्वेत मार्ग मोकळा असल्याची खात्री देताना दोन स्थानकांचे स्टेशनमास्तर एकमेकांना खाजगी क्रमांक देतात आणि वहीत नोंदवतात. जिथे ऐकण्यातील चुकीची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते, तिथे "ऐकले" एवढे म्हणणे पुरेसे धरत नाहीत.

म्हणून माझ्या बैठकांत तीन साधे नियम झाले. आकडा सुटा सुटा सांगायचा: साठ, छह-शून्य. मी तो परत म्हणणार, आणि परत म्हणताना "आपने कहा" असे शब्द आधी जोडणार, म्हणजे माझे म्हणणे आदेश न वाटता उजळणी वाटावी. आणि मी चुकलो तर समोरच्याने "नहीं सर" म्हणायचे. त्यासाठी परवानगीची गरज नाही. पहिले दोन नियम आठवड्यात रुळले. तिसऱ्याला वर्ष लागले.

२०२१ च्या पावसाळ्यात पुन्हा पूर आला. रात्री अकराच्या सुमारास एका तरुण अधिकारी मुलीने नावांची मागणी केली. भिंतीवरून तिचा आवाज स्वच्छ आला होता, मागे पावसाचा आवाजही येत होता. मी म्हणालो, "आपने कहा, चौबीस. दो-चार." पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "नहीं सर. चौंतीस. तीन-चार."

माझ्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने तोवर कागदावर ३४ लिहिलेही होते. त्याने बरोबर ऐकले होते. कान माझेच चुकले होते, चांगले स्पीकर असतानाही. पण चौतीस नावा पहाटेपर्यंत पोहोचल्या.

भिंतींना कान असतात असे आपल्याकडे म्हणतात, आणि ते भीती दाखवण्यासाठी म्हणतात. माझ्या भिंतीवर मी दोन तोंडे बसवली आहेत. ती लहान आहेत, थोड्या विजेवर चालतात, आणि दूरच्या तटबंधावर भिजत उभ्या असलेल्या माणसाचे म्हणणे मला दीड मीटरवर आणून देतात. ते नीट ऐकून घेणे, आणि चुकीचे ऐकले तर तसे मला सांगण्याचे धैर्य त्याला देणे, हे काम अजूनही माझ्याकडेच आहे.